आज कुणाकुणाचं वाचून घेतलं?

माझी निम्म्याहून अधिक नोकरी पहिलीच्या वर्गावर गेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत हा काही मानाचा वर्ग नव्हे. नवीन बाई हजर झाल्या की त्यांच्या हातात पहिलीची हजेरी द्यायची, अशी पद्धत. त्या काळी शिष्यवृत्ती परीक्षा चौथीला असे, म्हणून शाळेतले सगळ्यांत मुरलेले गुरुजी चौथीला. गावच्या चौकात फलक लागायचा तो शिष्यवृत्तीधारकांचा. अमुक शाळेची पहिली दिवाळीच्या आत वाचायला लागली, असा फलक मी कुठल्याही गावात पाहिला नाही. चौथीचा तो निकाल पहिली-दुसरीतच बराचसा ठरून गेलेला असतो, पण हे चौकात लिहून लावणार कोण?

पुढे ज्येष्ठता आली तेव्हा मुख्याध्यापक विचारायचे, "बाई, यंदा तरी तिसरी घेता का?" मी नको म्हणायचे. मूल अक्षराला अक्षर लावता लावता अचानक वाचायलाच लागतं, असा एक आठवडा दरवर्षी पहिलीत येतो. तो दुसऱ्या कुणाला द्यायची माझी तयारी नव्हती.

निवृत्तीनंतर पेपरात पटसंख्येची बातमी दिसली की मी आधी ती वाचते. वर्गात मुलं कमी असावीत यावर कुणाचं दुमत नाही. संघटनांच्या निवेदनांत ते असतं, पालक म्हणतात, अधिकारीही भाषणात म्हणतात. पण कमी कशासाठी, हे कुणी नीट सांगत नाही. गोंगाट कमी व्हावा म्हणून? वह्या तपासायला सोप्या जाव्यात म्हणून? माझं उत्तर पहिली-दुसरीपुरतं आहे. मूल वाचायला शिकतं ते कुणीतरी शेजारी बसून त्याचं वाचन ऐकलं म्हणून. आमच्या भाषेत त्याला 'वाचून घेणं' म्हणतात. वर्ग लहान हवा तो बाईंना एकेकाकडून रोज वाचून घेता यावं एवढ्यासाठी. ते होत नसेल तर पट साठ काय नि सहा काय.

पट साठ मी पाहिलाय. पुण्याच्या हद्दीला चिकटलेलं एक गाव होतं. कंपन्या आल्या, शेतांचे प्लॉट पडले, चाळी उठल्या. मूळच्या गावकऱ्यांची पोरं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी माध्यमाला जायला लागली, आणि आमचा पट वाढला तो लातूर-नांदेडकडून, कर्नाटकातून, बिहारमधून बांधकामावर आलेल्या माणसांच्या मुलांनी. पहिलीला साठाच्या आसपास मुलं आणि एक खोली. दारातून आत शिरायचं तर मुलांनी पाय आखडून वाट द्यायची.

साठ मुलांना शिकवायचं एक तंत्र असतं, आणि ते फार लवकर जमतं, हीच त्यातली अडचण. बाईंनी म्हणायचं, मुलांनी मागून म्हणायचं. फळ्यावर पट्टी फिरते, वर्ग एका सुरात ओरडतो. व्हरांड्यातून जाणाऱ्या केंद्रप्रमुखांना वाटतं, वाहवा, काय वर्ग चाललाय! त्या सुरात काही मुलं खरोखर वाचत असतात. काही त्यांच्या मागून अर्धा क्षण उशिरा तोंड उघडत असतात. उरलेल्यांचं लक्ष खिचडीच्या वासाकडे. कोण कुठल्या गटातलं, हे कानाला कळत नाही.

त्या वर्गातला एक मुलगा पाठ घडाघडा वाचायचा. मान खाली, पुस्तक मांडीवर, बोट ओळीवर, सगळं रीतसर. एकदा मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि पुस्तकाऐवजी त्याच्या बोटाकडे बघत राहिले. तोंडाने तो तिसऱ्या ओळीत होता, बोट दुसऱ्या ओळीच्या मध्यावर. तोंड थांबलं तेव्हा बोटाची दीड ओळ बाकी होती. त्याने ते अलगद उचललं आणि पूर्णविरामावर नेऊन ठेवलं, माझ्याकडे न बघता. मी पाठातलाच 'आजी' हा शब्द वहीच्या कोपऱ्यात लिहिला आणि विचारलं, हे काय? तो चित्र शोधायला लागला. अख्खा पाठ त्याने ऐकून ऐकून तोंडपाठ केला होता. पोरगं हुशारच, त्याशिवाय का हे जमतं! मोठ्या वर्गात असं मूल तिसरीपर्यंत सुखाने पोचतं. तिथे पाठ लांब होतात, पाठांतर पुरत नाही, मग 'हा अभ्यासात लक्ष देत नाही' असा शेरा पडतो.

हे बोट बघायला किती वेळ लागला? फार तर दोन मिनिटं. ती दोन मिनिटं साठ जणांसाठी रोज काढायची म्हटली तर दोन तास झाले. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरायला हवी. समजा रोजचा एक तास निव्वळ वाचून घेण्यासाठी ठेवला. असा तास आम्हाला कधी मिळाला नाही, पण धरून चालू. साठांच्या वर्गात एकेकाच्या वाट्याला रोज एक मिनिट येतं, वर्षाची २०० मिनिटं, म्हणजे साडेतीन तासही नाहीत. वर्ग पंधराचा असेल तर तेच तेरा तासांच्या वर जातं. पहिलीच्या मुलाला पुऱ्या वर्षात कुणी साडेतीन तास ऐकलं की तेरा तास ऐकलं, यात जो फरक आहे तो मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी असा मांडून दाखवला नाही. (मूल स्वतःच ज्ञान रचतं, हा 'ज्ञानरचनावाद' मात्र इतक्यांदा ऐकला की सांगता सोय नाही.)

मराठी वाचायला सोपी, बोलतो तसंच लिहितो, असं आपण मोठ्या अभिमानाने सांगतो. सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने बघा. मुळाक्षरं झाली की काना, मात्रा, वेलांट्या, उकार. तीसपस्तीस व्यंजनांची बाराखडी म्हणजे चारशेच्या घरात आकृत्या झाल्या, जोडाक्षरं सोडून. पहिली वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि तोंडाने नंतर म्हणायची असते. र तर बिलंदर: 'प्राणी'त पायाशी, 'सूर्य'मध्ये डोक्यावर, 'ट्रक'मध्ये ट-च्या खाली. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांतली रेघ पकडायला नजर बसावी लागते. आणि प्रत्येक मूल वेगळ्याच ठिकाणी अडतं. माझ्याकडे एक मुलगी होती, ती काना गिळायची. बाकी सगळं अचूक, पण 'काम'चं 'कम', 'राजा'चं 'रज'. तिला पूर्ण बाराखडी परत शिकवून काही उपयोग नव्हता. चार दिवस तेवढ्या कान्याशी खेळलं की काम होणार होतं. पण ती काना गिळते हे आधी कळायला हवं ना.

अ पासून ज्ञ पर्यंत सगळं घोटून घ्यायचं, मग बाराखडी, आणि त्यानंतर कधीतरी अर्थ असलेले शब्द, ही जुनी चाल. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी यावर फार मोलाचं काम केलं. जन्माने अमेरिकन असलेल्या या भाषाअभ्यासक बाई मराठीच्या अभ्यासासाठी आल्या आणि फलटणच्याच झाल्या. अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने न देता गटागटाने, स्वरचिन्हांसकट द्यायची, म्हणजे पहिल्या गटापासूनच मुलाला खरेखुरे शब्द वाचता येतात. आता पाठ्यपुस्तकंही याच वाटेने आली आहेत. मी स्वतः या पद्धतीची पक्की बाजू घेते. पण पद्धत कितीही चांगली असो, पहिला गट पक्का झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालायचा नाही, हे तिचं पथ्य. आणि पक्का झाला की नाही ते एकेकाचं ऐकल्याशिवाय समजत नाही. पुन्हा तिथेच आलो.

लहान वर्गाचा विषय निघाला की अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा दाखला देतात. १९८५ ते १९८९ या काळात तिथे ७९ शाळांमध्ये मोठा प्रयोग झाला. बालवर्ग ते तिसरी. मुलं आणि शिक्षक चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटून दिले: काही वर्ग १३ ते १७ मुलांचे, काही २२ ते २५ मुलांचे, आणि काही मोठेच पण जोडीला मदतनीस दिलेले. लहान वर्गातली मुलं वाचनात आणि गणितात पुढे राहिली, आणि गरीब व कृष्णवर्णीय घरांतल्या मुलांना फायदा जास्त झाला. मदतनीस दिलेल्या मोठ्या वर्गांत फारसं काही हललं नाही. हे ऐकून कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये तिसरीपर्यंतचे वर्ग घाईघाईने २०वर आणले. एवढे शिक्षक आणायचे कुठून? पूर्ण पात्रता नसलेले भरले, आणि अनुभवी शिक्षक गरीब वस्त्यांतल्या शाळा सोडून चांगल्या वस्तीत झालेल्या नव्या जागांवर गेले. आपल्याकडच्या बदल्यांच्या हंगामातला माणूस हे वाचून नुसता हसेल.

मला मात्र आपल्या मुंबईतलाच अभ्यास जास्त बोलका वाटतो. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्याच्या पालिका शाळांत बालसखी नेमल्या. वस्तीतलीच, शाळा पूर्ण केलेली तरुण मुलगी. मागे पडलेली पंधरा-वीस मुलं रोज दोन तास वर्गातून बाहेर काढायची आणि त्यांना येतं तिथपासून शिकवायची. ज्यांना पुढे नोबेल मिळालं ते अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो यांनी सहकाऱ्यांबरोबर याची मोजदाद केली. बालसखीकडे गेलेली मुलं चांगलीच सुधारली. आता गंमत बघा: तेवढी मुलं बाहेर गेल्यावर मूळ वर्गही दोन तास लहान होत होता. त्या वर्गात राहिलेल्या मुलांना त्याचा म्हणण्यासारखा फायदा झाला नाही. वर्गात मुलं कमी, पण शिकवणं तेच. बाई म्हणणार, मुलं म्हणणार. साठाच्या ऐवजी चाळिसांचा सूर, एवढंच.

टेनेसीतला शिक्षक लहान वर्ग मिळाल्यावर मुलाजवळ गेला असणार; मुंबईतला फळ्यापाशीच राहिला, असं मी त्याचं वाचन करते. हा माझा अंदाज, पण तीस वर्षं वर्गात काढलेल्या बाईचा अंदाज आहे.

आता सरासरीबद्दल. शिक्षण हक्क कायद्याचं प्राथमिकचं प्रमाण तीस मुलांमागे एक शिक्षक. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन. ५८ पटाच्या शाळेत दोन शिक्षक असले की कागदावर एकास एकोणतीस, सगळं नियमात. प्रत्यक्षात इयत्ता चार आणि माणसं दोन. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. त्यात एक जण आठवड्यातून दोनदा तालुक्याला: टपाल, माहिती, बैठक, मतदार यादी. आधार जुळत नाही, पोर्टल उघडत नाही, तांदळाचा हिशेब लागत नाही. कायद्याच्या २७व्या कलमात जनगणना, आपत्ती आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरी कामं देऊ नयेत असं लिहिलंय. हे कलम शिक्षकांना तोंडपाठ असतं, तहसील कचेरीला नसतं. मग चारही इयत्ता एका बाईंकडे. पहिलीला 'पाटीवर गिरवा' म्हणून सांगायचं. आपल्याकडे पहिलीतलं मूल शाळेतला किती वेळ नुसतं गिरवण्यात घालवतं याचा हिशेब कुणी मांडत नाही.

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाच्या २०२४च्या अहवालात लहान पट आणि कच्चं वाचन या दोन गोष्टी एकाच ठिकाणी सापडतात. देशातल्या ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांपैकी ५२.१ टक्के शाळांचा पट साठाच्या आत. आणि सरकारी शाळेतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी २३.४ टक्के. करोनानंतरच्या, २०२२च्या १६.३ टक्क्यांवरून ही वाढ झाली, ती कमी नाही. तिचं श्रेय वर्गात बसून घाम गाळणाऱ्यांना दिलंच पाहिजे. तरीही चारांतल्या तिघांना तो उतारा वाचता येत नाही, आणि निम्म्याहून अधिक शाळा तर लहानच आहेत.

त्या लहान शाळाही मी केल्या. मुळशीच्या डोंगरातली वाडी, पट एक आकडी. पावसाळ्यात ओढा भरला की शाळेला पोचायला वळसा. चारही इयत्ता एका सतरंजीवर. तिथे मी वाचून घेण्याची चैन केली. प्रत्येक मूल रोज, कधी दिवसातून दोनदा. पहिलीतलं पोर तिसरीची कविता कानावर पडून पडून म्हणायचं, तिसरीतली मुलगी पहिलीच्या चुका माझ्याआधी पकडायची. "बाई, ह्यो वेलांटी खातोय." माझं निम्मं काम तिनेच केलं.

पण वाडीच्या शाळेचं गोड चित्र मी रंगवणार नाही. दुसरी जागा वर्षानुवर्षं रिकामी. मी आजारी पडले की शाळेला कुलूप. एका इयत्तेत एकच मूल असलं की त्याला बरोबरीचं कुणी नसतं. गोष्टीवर वाद घालायला, नाटक बसवायला, स्पर्धा करायला माणूसच नाही. चौथीपर्यंत हे फार जाणवायला लागतं. अशा लहान शाळेत एक शिक्षक मनापासून काम करणारा असला तर मुलं सोन्यासारखी निघतात, आणि नसला तर चार वर्षं वाया जातात, कारण पुढच्या वर्षी दुसऱ्या बाई मिळतील ही आशाही नसते.

महाराष्ट्रात २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४ हजारांच्या वर होत्या, त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं. या शाळांचं करायचं काय, यावर त्याच वर्षी समूह शाळांचा विचार पुढे आला. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातलं पानशेत ही उदाहरणं दिली गेली: आसपासच्या छोट्या शाळांतली मुलं गाडीने एका मोठ्या, चांगल्या सोयींच्या शाळेत आणायची. त्यावर रान उठलं. एका बाजूने 'गरिबांच्या शाळा बंद करायचा डाव', दुसऱ्या बाजूने 'पाच पोरांसाठी दोन पगार कशाला'. मला दोन्ही आरडाओरड्यांत पहिलीचं मूल दिसत नाही. चौथी-पाचवीच्या पोरांना गाडीने न्या की. त्यांना मैदान हवं, प्रयोगशाळा हवी, भांडायला बरोबरीची पोरं हवीत. पहिली-दुसरीला मात्र शाळा पायवाटेवर हवी. सहा वर्षांचं लेकरू सकाळी घाटातून गाडीत उलटी करत यायचं, नि पावसात गाडी आली नाही की घरी. वाचनाला खंड सोसत नाही. पहिलीत जुलै-ऑगस्ट बुडाला तर दिवाळीला पुन्हा म, क, र पासून.

आणि पाच पोरांना दोन पगार महाग वाटत असतील, तर न वाचता आठवीपर्यंत ढकललेल्या मुलाचा खर्चही कुणीतरी मांडावा.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये निपुण भारत अभियान आणलं. २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावं, मिनिटाला किमान ६० शब्द. उद्दिष्ट मला मान्य आहे. पहिल्यांदाच कुणी तिसरीपर्यंतच्या वाचनाला सरकारी पातळीवर एवढं महत्त्व दिलं. पण मिनिटाचा आकडा हाती आला की मोबाइलवर स्टॉपवॉच लागतं. मुलं धावत सुटतात. एका मुलीने गोष्ट झपाट्याने संपवली आणि विचारलं, "किती झाले?" गोष्टीत काय झालं हे तिला विचारलं तर ती म्हणाली, "ते नाही बघितलं." तरुण शिक्षकांना मी सांगते, घड्याळ खिशात ठेवा आणि आधी विचारा, पुढे काय होईल वाटतं?

मला अधिकार असता तर मी संचमान्यतेत, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणाऱ्या हिशेबात, एकच बदल केला असता. पहिली-दुसरीला वीस मुलांमागे एक शिक्षक, आणि ती जागा दुसऱ्या कुठल्याही कामासाठी हलवायची नाही. वरच्या वर्गांत चाळीस झाले तरी चालतील. वाचता येणारी चाळीस मुलं सांभाळणं अवघड नाही, ती पुस्तक घेऊन बसतात. शाळेतली सगळ्यांत अनुभवी बाई पहिलीला. आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी पट, हजेरी, तांदळाची शिल्लक विचारून झाली की एक प्रश्न आणखी विचारायचा: बाई, आज कुणाकुणाचं वाचून घेतलं?

तोवर हातात आहे ते करायचं. मी हल्ली घराजवळच्या शाळेत सकाळी जाऊन बसते. व्हरांड्यात एक सतरंजी, एकेक मूल येतं, वाचून जातं. पहिलीच्या बाई आत वर्ग घेतात आणि बाहेर कुणाला पाठवायचं हे त्याच ठरवतात, तो मान त्यांचा. तिसरीतली मुलं पहिलीबरोबर जोड्यांनी बसवली आहेत. पालकांच्या बैठकीला आया येतात. 'पहिलं पाऊल'च्या शाळापूर्व तयारी मेळाव्यांपासून माता गटांची सवय झाली आहे, त्या मोकळ्या बोलतात. बाप क्वचित.

परवाच्या बैठकीला एक आले होते, सेंट्रिंगचं काम करणारे. सगळे गेल्यावर थांबले. "मॅडम, तुम्ही म्हणता रोज घरी वाचून घ्या. मला सोताला वाचता येत नाही. पोरगं वाचतंय का पाठ म्हणतंय, मला काय कळणार?"

मी त्यांच्या पोराचं पुस्तक घेतलं. म्हटलं, पानाच्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे काय. पहिल्या ओळीपासून सुरू करू द्यायचं नाही. उत्तर लक्षात ठेवायचं. मग दुसऱ्या पानावर अगदी तसाच दिसणारा शब्द शोधायचा, दिसतो कसा ते बघता येतं ना, आणि दोन दिवसांनी तो विचारायचा. उत्तर तेच आलं तर वाचतोय. वेगळं आलं तर मला येऊन सांगा, कुठल्या शब्दाला अडला ते.

त्यांनी दोन्ही पानं उलटसुलट करून बघितली. तसा शब्द त्यांना सापडला, 'पाणी', चार पानं पुढे.

"ह्यावर पेनानं खूण केली तर चालंल का? पुस्तक सरकारी हाय."

म्हटलं, खुशाल करा.